आवाज दिला

पोलोग्राउंडच्या वीज मंडळात, तक्रारींच्या खिडकीमागे
बावीस वर्षं बसले मी.
लोक म्हणायचे, मीटर पळतंय, बाई,
घराला कुलूप असताना पळतंय.
मी गुलाबी फॉर्म द्यायचे.
उरलेल्या गुलाबी फॉर्मांच्या पाठीवर
पहिली कादंबरी लिहिली,
चारशे बारा पानं, कार्बन न लावता.

नायक इंजिनियर. नायिका काहीच नाही,
नुसती सुंदर.
तेव्हा मला एवढंच येत होतं.
दोघं काश्मीरला जायची.
मी उज्जैनच्या पुढे गेले नव्हते.
साडेतीन महिन्यांनी पुण्याहून पुडकं परत आलं,
सुतळी माझीच, गाठ दुसऱ्याची.

दुसरीतून काश्मीर काढलं.
सियागंजातला मसाल्याचा दलाल घेतला,
हाताला धण्यांचा वास असलेला,
आणि रामबागेतली चष्म्याची एक बाई, पस्तिशीची.
आई अंथरुणातून विचारायची, किती वेळ जळणारे तो दिवा?
मंडळात नोकरीला असलेल्या मुलीला!

शेजारच्या टेबलावर चौरे बाबू.
मराठी यायचं नाही त्यांना,
पण रोज सकाळी छत्री टांगता टांगता विचारायचे,
"मिले कि नहीं अभी तक?"
मी म्हणायचे, अभी झगडा चल रहा है.
"अच्छा," म्हणायचे, आणि खरोखर काळजीत पडायचे.
एकदा त्यांनी दोन रीम कोरा कागद आणून दिला.
कुठून, ते विचारू नका.

ही परत आली ती पत्र घेऊन.
कथा बरी आहे. भाषेवर हिंदीची छाया.
'त्याने तिला आवाज दिला' असं मराठीत म्हणत नाहीत,
'हाक मारली' म्हणावं.
अकरा ठिकाणी आहे.
दुरुस्त करून पाठवल्यास विचार करू.

आठवडाभर ते पत्र पिठाच्या डब्याखाली होतं.
हाक मारायची कशाला?
आमच्याकडे आवाज देतात.
आणि दिलेली वस्तू
घेणाऱ्यापाशी राहते.

मला एकदाच मिळाला.
बिलिंगचे हर्डीकर, खंडव्याला बदली झालेले,
शेवटच्या दिवशी फाटकापाशी
सायकलवरून एक पाय टेकून:
"अहो बाई, तुमच्या डब्याचं झाकण!"
बस.
मी मागे आले, झाकण घेतलं,
ते उजवीकडे गेले, मी टेंपोत बसले.
लोक विचारतात, लग्न नाही केलंत,
मग एवढं सगळं कुठून सुचतं?
त्या एका हाकेवर. (बघा,
मीही शिकलेच.)

केलं दुरुस्त. का नाही करणार?
चाळिशी उलटली होती, छापून यायचं होतं.
लाल शाईने अकरा वेळा मारली हाक.
पोस्टातल्या माणसाने पुडकं तोललं,
वजन गेल्या खेपेइतकंच भरलं.

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर
बर्फाचे डोंगर आणि शिकारा.
धण्यांचा दलाल त्यात कुठे बसणार होता, कोण जाणे.
चौरे बाबूंनी रुमालाने हात पुसले,
माझं नाव अक्षर अक्षर जुळवून वाचलं,
मग पुन्हा वाचलं.
"मिल गए?"
मिल गए, म्हटलं.
त्या दिवशी खिडकी वीस मिनिटं उशिरा उघडली,
एकाही ग्राहकाने लेखी तक्रार केली नाही.

निवृत्त झाल्यावर, परवाच्या आषाढात,
वाचनालयातून मी माझंच पुस्तक घरी नेलं.
पान एकशे त्रेचाळीस. दलाल जिन्याखाली उभा,
ती वर, ओले केस, निघायच्या बेतात,
आणि त्याने तिला आवाज दिला.

बारावा.
संपादक मोजायला चुकले होते, मीही.

कुणीतरी पेन्सिलने ते खोडून
वर लिहिलं होतं: हाक मारली.
त्याच्याखाली निळ्या शाईत,
वेगळ्या, जरा थरथरत्या अक्षरात:
असू दे.

मागच्या कार्डावर सतरा सह्या.
एकेक बोटाखाली धरून पाहिली,
अक्षर जुळेना.
पुस्तक मुदतीनंतर नऊ दिवस ठेवून घेतलं.
दंड भरला.
पावती घेतली नाही, आयुष्यात पहिल्यांदा.